कोलंबसाला नकार देणारे विद्वान बरोबर होते

कोलंबसाची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना साधारण अशी ठाऊक असते. त्या काळी सगळे जग पृथ्वी सपाट आहे असे मानत होते, एकट्या कोलंबसाला ती गोल असल्याची खात्री होती, दरबारातल्या पंडितांनी त्याला वेड्यात काढले, पण तो मागे हटला नाही आणि अखेर त्याने अमेरिका शोधून सगळ्यांची तोंडे बंद केली. ही गोष्ट शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगितली जाते, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शन शिबिरांत सांगितली जाते आणि एखाद्या योजनेवर तज्ज्ञांनी आक्षेप घेतले की व्यासपीठावरूनही सांगितली जाते. मराठी वाचकाच्या मनात तर कोलंबसाला आणखी उंच जागा आहे, कारण कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’ या १९४२ सालच्या संग्रहातील ‘कोलंबसचे गर्वगीत’ पाठ असलेल्या पिढ्याच आपल्याकडे होऊन गेल्या. त्या कवितेचे तेज मला पूर्ण मान्य आहे. पारतंत्र्यातल्या कवीने समुद्राला आव्हान देणारा एक माणूस उभा केला आणि वाचणाऱ्यांना बळ दिले, त्यात खोट काढण्यासारखे काही नाही. परंतु कवितेतला कोलंबस आणि १४९२ साली स्पेनच्या पालोस बंदरातून निघालेला कोलंबस या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, आणि सार्वजनिक वादात दाखला द्यायचा तर तो दुसऱ्या कोलंबसाचा द्यायला हवा. तो दिला तर निष्कर्ष उलटा निघतो. त्याला नकार देणारे विद्वान बरोबर होते, चूक कोलंबसाची होती, आणि ही गोष्ट उलटी शिकवल्याने आपण मुलांच्या गळी एक घातक समजूत उतरवत आहोत, असे माझे ठाम मत आहे.

पृथ्वी गोल आहे हे पंधराव्या शतकातल्या कोणत्याही शिकलेल्या युरोपीय माणसाला माहीत होते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच अलेक्झांड्रियाच्या एराटोस्थेनिसने तिचा परीघ मोजला होता. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सायीन येथे, म्हणजे आजच्या अस्वानजवळ, सूर्य थेट माथ्यावर येतो, आणि त्याच वेळी उत्तरेकडे अलेक्झांड्रियात मात्र उभ्या काठीची सावली पडते. या सावलीचा कोन पूर्ण वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा भरला. दोन शहरांतले अंतर ५,००० स्टेडिया, म्हणून परीघ त्याच्या पन्नासपट. स्टेडियम या मापाच्या लांबीवर मतभेद असले तरी हे उत्तर खऱ्या ४० हजार किलोमीटरांच्या आसपासच येते. तेराव्या शतकापासून युरोपच्या विद्यापीठांत साक्रोबोस्को या विद्वानाचा गोलाध्याय, म्हणजे खगोलाचा पाठ्यग्रंथ, अभ्यासाला होता आणि त्यात पृथ्वी गोल का मानावी याची कारणे दिलेली होती. सपाट पृथ्वी मानणाऱ्या पंडितांशी झुंजणाऱ्या कोलंबसाचे चित्र लोकप्रिय झाले ते मुख्यतः १८२८ साली अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्विंग यांनी लिहिलेल्या रंगतदार चरित्रानंतर. म्हणजे आपण ज्याला इतिहास म्हणून मुलांना सांगतो, तो बराचसा एकोणिसाव्या शतकातला कल्पनाविलास आहे.

खरा वाद होता तो अंतराचा. पश्चिमेकडे जहाज हाकारले तर आशिया किती दूर आहे, आणि तेवढे दिवस पुरेल इतके पाणी आणि शिधा जहाजात मावेल काय, एवढाच प्रश्न होता. या प्रश्नाचे कोलंबसाने काढलेले उत्तर जवळून पाहण्यासारखे आहे, कारण एक चूक दुसऱ्या चुकीला कशी हात देते हे त्यात स्वच्छ दिसते. नवव्या शतकातल्या अल-फरगानी या खगोलशास्त्रज्ञाने पृथ्वीच्या एका अंशाची लांबी ५६ पूर्णांक दोन तृतीयांश मैल दिली होती. हे मैल अरबी होते, जवळजवळ दोन किलोमीटरांचे, आणि त्या हिशेबाने एक अंश खऱ्या १११ किलोमीटरांच्या अगदी जवळ जातो. कोलंबसाने तोच आकडा उचलला, पण मैल मात्र इटालियन धरला, जो दीड किलोमीटरांहूनही थोडा लहान होता. एवढ्याने पृथ्वी एक चतुर्थांशाने आक्रसली. मग त्याने आशियाची जमीन पूर्वेकडे ताणली. प्राचीन भूगोलतज्ज्ञ टॉलेमीने ज्ञात भूभागाची रुंदी सुमारे १८० अंश मानली होती आणि तीही वास्तवापेक्षा जास्तच होती. कोलंबसाने त्याऐवजी टायरच्या मारिनस या आणखी जुन्या भूगोलतज्ज्ञाचे २२५ अंश पत्करले, त्यात मार्को पोलोच्या प्रवासवर्णनावरून आणखी २८ अंश घातले, आणि चीनपासून जपानपर्यंतचे म्हणून ३० अंश वर चढवले. उरलेल्या समुद्रातही काटछाट करत करत आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळच्या कॅनरी बेटांपासून जपानपर्यंतचे अंतर त्याने सुमारे २,४०० सागरी मैलांवर, म्हणजे साधारण साडेचार हजार किलोमीटरांवर आणून ठेवले. प्रत्यक्षात त्या दिशेने जायचे तर हे अंतर २० हजार किलोमीटरांच्या घरात जाते, आणि तेही वाटेत अमेरिका नाहीच असे धरून.

प्रत्येक टप्प्यावर त्याच्यापुढे दोन-तीन अधिकारी मते होती आणि प्रत्येक वेळी त्याने आपल्याला सोयीचे तेवढे निवडले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पिएर दायी या फ्रेंच धर्मपंडिताचा जो विश्ववर्णनाचा ग्रंथ तो वाचत असे, त्याची त्याच्या टिपांनी समास भरलेली प्रत आजही सेव्हिल येथे जपलेली आहे. तो अडाणी नव्हता, आळशीही नव्हता. उत्तर आधी ठरवून मग पुरावा वेचणारा तो अभ्यासू माणूस होता, आणि असा माणूस निव्वळ अडाण्यापेक्षा जास्त फसतो, कारण त्याच्यापाशी प्रत्येक शंकेला एक अवतरण तयार असते.

पोर्तुगालचा राजा दुसरा जुआंव याने १४८४-८५च्या सुमारास ही योजना आपल्या जाणकारांपुढे ठेवली आणि त्यांनी ती फेटाळली. स्पेनमध्ये फ्राय एर्नांदो दे तालावेरा यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने बराच काळ विचार करून तेच मत दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की समुद्र कोलंबस सांगतो त्याहून फार मोठा आहे आणि एवढा प्रवास माणसांना जिवंत ठेवून होणार नाही. हे अक्षरशः खरे होते. ते किती खरे होते याचा पुरावा एका पिढीनंतर पश्चिमेच्या वाटेने आशियाकडे निघालेल्या मॅगेलनच्या ताफ्याने दिला. १५२०च्या नोव्हेंबरात पॅसिफिकमध्ये शिरलेल्या त्या जहाजांना ग्वामपर्यंत पोहोचायला तीन महिन्यांहून अधिक काळ लागला. खलाशांनी शिडाच्या काठ्यांवरचे चामडे भिजवून खाल्ले, लाकडाचा भुसा खाल्ला, आणि अँतोनियो पिगाफेट्टाने नोंदवल्याप्रमाणे त्या पल्ल्यात १९ जण मरण पावले. हा केवळ पॅसिफिकचा पल्ला होता. कोलंबसाला कॅनरी बेटांवरून ६ सप्टेंबर १४९२ रोजी निघून १२ ऑक्टोबरला आजच्या बहामातील ग्वानाहानी बेटावर जमीन लागली, म्हणजे जेमतेम पाच आठवडे झाले होते, आणि तेवढ्यातच खलाशांचा धीर सुटत चालला होता. मधे एक अख्खे अनपेक्षित खंड आडवे आले नसते तर त्या तीन जहाजांवरची सुमारे ९० माणसे समुद्रातच संपली असती.

अशी संपलेली माणसे इतिहासात आहेतच. कोलंबसाच्याच जेनोवा शहरातून १२९१ साली उगोलिनो आणि वादिनो हे विवाल्दी बंधू दोन गलबते घेऊन महासागराच्या वाटेने हिंदुस्थान गाठायला निघाले आणि पुन्हा कधीच कुणाला दिसले नाहीत. त्यांची जिद्द कोलंबसाहून कमी होती असे मानायला काहीही आधार नाही. त्यांच्या नावाने कुणी प्रेरणादायी भाषण देत नाही, कारण ते परतले नाहीत. जो वाचला त्याचीच गोष्ट उरते, आणि मग जिद्दीने माणूस वाचतोच असा आपला समज होतो.

इथे राणी इसाबेलाच्या निर्णयाचा विचार करायला हवा, कारण तज्ज्ञ बरोबर होते तर तिने संमती का दिली असा रास्त प्रश्न उठतो. जानेवारी १४९२मध्ये स्पेनमधले शेवटचे मुस्लिम राज्य ग्रानादा पडले, युद्धाचा भार उतरला, आणि राजघराण्याचा वित्ताधिकारी लुईस दे सांतांखेल याने तिला पटवले की खर्च अल्प आहे आणि लाभ झालाच तर तो अफाट आहे. एकूण खर्च सुमारे २० लाख मारावेदी (त्या काळचे स्पॅनिश चलन) होता. सांतांखेलने त्यातला मोठा हिस्सा उभा केला आणि पालोस गावाने जुन्या अपराधाचा दंड म्हणून दोन जहाजे पुरवायची होती. राज्यकर्त्याने अल्प खर्चाचा जुगार जाणूनबुजून खेळणे समजण्यासारखे आहे, आणि मी तो निर्णय चुकीचा म्हणणार नाही. मात्र जुगार लागला म्हणून गणित बरोबर ठरत नाही. धरण, औषध, पूल, शहराची विकासयोजना अशा प्रश्नांवर तज्ज्ञांनी दाखवलेली त्रुटी ‘कोलंबसालाही असेच हसले होते’ एवढ्या वाक्याने उडवून लावली जाते तेव्हा नेमकी हीच गल्लत होत असते. निर्णय त्या वेळी हाती असलेल्या पुराव्यावर तोलायचा असतो. नंतर नशिबाने पदरात काय पडले यावर तो तोलू लागलो, तर जपून विचार करणारा प्रत्येक माणूस भित्रा ठरतो.

कोलंबसाच्या श्रेयाचा वाटा मात्र त्याला दिलाच पाहिजे, आणि तो मोठा आहे. वाऱ्यांची त्याला असामान्य जाण होती. तो स्पेनहून सरळ पश्चिमेला गेला नाही. आधी दक्षिणेला कॅनरी बेटांपर्यंत उतरला आणि तिथले पूर्वेकडून वाहणारे वारे पाठीशी घेऊन पुढे निघाला. परतताना तो उत्तरेकडे चढला, पश्चिमेचे वारे धरले आणि अझोर्सवरून घरी आला. शिडाच्या जहाजांनी पुढची कित्येक शतके अटलांटिक ओलांडला तो साधारण याच चक्रावरून. ज्या गोष्टीत तो खरोखर थोर होता ती ही, आणि ती वर्षानुवर्षांच्या दर्यावर्दी अनुभवातून आलेली होती. नेमकी ती आपल्या गोष्टीत कुठेच नसते.

यापुढचा भाग मला अधिक अस्वस्थ करतो. चूक करणे हा गुन्हा नाही, पण समोर आलेल्या जगाकडे पाहूनही चूक न सोडणे ही वेगळी गोष्ट आहे. क्यूबाच्या किनाऱ्यावर पोहोचल्यावर कोलंबसाने लुईस दे तोर्रेस या दुभाष्याला एका सोबत्यासह आतल्या भागात धाडले, कारण तोर्रेसला हिब्रू आणि थोडी अरबी येत होती आणि चीनच्या महान खानाचा दरबार जवळच असेल अशी अपेक्षा होती. दोघा दूतांना सापडले ते सुमारे ५० घरांचे एक गाव, आणि धुमसत्या पानांची सुरळी हातात धरून तिचा धूर घेणारी माणसे. दुसऱ्या सफरीत, १२ जून १४९४ रोजी, क्यूबाच्या दक्षिण किनाऱ्यावरून जात असताना त्याने लेखनिकाला जहाजाजहाजांवर पाठवले आणि ही भूमी बेट नसून मुख्य भूखंड आहे अशी शपथ खलाशांकडून घेतली. पुढे जो कुणी याविरुद्ध बोलेल त्याला १०,००० मारावेदी दंड आणि त्याची जीभ छाटणे अशी शिक्षा ठरली. हलक्या दर्जाच्या पोऱ्यांना फटक्यांची शिक्षा होती. भूगोलाचा प्रश्न जीभ छाटण्याच्या धाकाने सोडवायचा हा प्रकार आपल्या ‘निर्भय सत्यशोधका’च्या गोष्टीत बसवून दाखवावा असे माझे आव्हान आहे. ती शपथ घेणाऱ्यांत हुआन दे ला कोसा हा नकाशाकार होता, आणि १५०० साली त्याने काढलेल्या प्रसिद्ध नकाशात क्यूबा बेट म्हणूनच दाखवलेले आहे.

हट्ट पुढेही सुटला नाही. १४९८ साली ओरिनोकोच्या मुखाशी गोड्या पाण्याचा प्रचंड लोंढा पाहून ही मोठ्या भूखंडाची नदी आहे हे त्याच्या अनुभवी नजरेने ओळखले, पण ती नजर त्याच्याच सिद्धान्ताने झाकली आणि त्याने पृथ्वी नासपतीच्या आकाराची असून तिच्या उंचवट्यावर बायबलमधले नंदनवन आहे असे लिहिले. जमैकात अडकून पडलेला असताना फेब्रुवारी १५०४च्या चंद्रग्रहणावरून त्याने जमैका आणि काडिझ यांच्यातला वेळेचा फरक सव्वासात तास काढला. खरा फरक पावणेपाच तासांच्या आसपास आहे. चूक पुन्हा त्याच दिशेला, आशियाच्या दिशेला झाली. १५०३च्या पत्रात मध्य अमेरिकेच्या किनाऱ्याविषयी लिहिताना त्याने गंगा नदी तिथून दहा दिवसांच्या अंतरावर असल्याचे सांगितले. त्याआधी पाच वर्षे, २० मे १४९८ रोजी, वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला पोहोचला होता आणि खऱ्या हिंदुस्थानची वाट साऱ्या युरोपला कळली होती.

या हट्टाची किंमत कोलंबसाने दिली नाही. ती कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांनी, म्हणजे ताइनो लोकांनी दिली. त्याने राजाराणीला आशियाची संपत्ती कबूल केली होती. मसाले, रेशीम, सोन्याने मढलेली छपरे यांतले काहीच तिथे नव्हते, कारण तो आशिया नव्हता. दुसऱ्या सफरीत १७ जहाजे आणि हजाराहून अधिक माणसे त्याच वचनावर आली होती. ही तूट कुठून तरी भरून काढायची होती आणि ती माणसांकडून भरून काढली गेली. हिस्पॅनिओला बेटावरच्या (आजचे हैती आणि डोमिनिकन प्रजासत्ताक) सोन्याच्या मुलखात १४ वर्षांवरील प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी ससाण्याच्या पायाला बांधतात तेवढा घुंगरू भरून सोन्याची पूड द्यावी, इतरत्र सुमारे २५ पौंड कापूस द्यावा, असा कर बसला. ज्या नद्यांत सोने कणाकणाने मिळत होते तिथे हा कर भरणे अशक्य होते. फेब्रुवारी १४९५मध्ये सुमारे ५५० ताइनो गुलाम म्हणून स्पेनकडे रवाना झाले आणि त्यांतले २०० च्या आसपास वाटेतच मरण पावले. त्यांची प्रेते समुद्रात टाकली गेली. पहिल्या सफरीत, भेट होऊन पुरते तीन दिवसही झाले नव्हते तेव्हा, ५० माणसांच्या बळावर या सगळ्यांना ताब्यात ठेवता येईल असे त्याने आपल्या दैनंदिनीत लिहिले होते. कोलंबसानंतर आलेल्या वेठीच्या पद्धतीने आणि रोगराईने उरलेले काम केले. हिस्पॅनिओलाची मूळ लोकसंख्या किती होती यावर अभ्यासकांचे अंदाज लाखांपासून दशलक्षांपर्यंत पसरलेले आहेत, पण १५१४ साली मूळ रहिवासी वसाहतवाल्यांना वेठीसाठी वाटून दिले, त्या वाटपाच्या नोंदीत तिथले फक्त सुमारे २६ हजार मूळ रहिवासी मोजले गेले. देवीची मोठी साथ तर त्यानंतर, १५१८च्या अखेरीस आली.

त्या काळाच्या मापाने त्या काळाला मोजा, असे यावर सांगितले जाते. मी तेच माप घेतो. १४९५ साली राणी इसाबेलाच्या दरबारानेच, या लोकांना विकणे न्याय्य आहे काय याचा धर्मपंडितांकडून निर्वाळा मिळेपर्यंत विक्रीचा पैसा रोखून धरा असा आदेश काढला होता. डिसेंबर १५११मध्ये सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये फ्राय अँतोनियो दे मोंतेसिनोस याने, समोर वसाहतीतली बडी मंडळी बसलेली असताना, ही माणसे नाहीत काय, असा प्रश्न उभ्या उभ्या विचारला. बार्तोलोमे दे लास कासास स्वतः अशा वेठीचा मालक होता. त्याने ती सोडली आणि उरलेले आयुष्य त्याविरुद्ध लिहिण्यात घालवले. कोलंबसाच्या पहिल्या दैनंदिनीचा गोषवारा आपल्यापर्यंत पोहोचला तोही याच लास कासासच्या हातून. तेव्हा त्या काळाचे माप एकच नव्हते. आपण गौरवकथेसाठी कोणाचे माप निवडतो, एवढाच प्रश्न आहे.

कोलंबस नसता तर दोन्ही गोलार्ध एकमेकांना भेटलेच नसते, हा दुसरा युक्तिवादही टिकत नाही. हिंदुस्थानकडे निघालेला पेद्रू आल्व्हारेस काब्राल अटलांटिकमध्ये पश्चिमेला बरेच वळण घेताना २२ एप्रिल १५०० रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि तिथून पुढे कालिकतला आला. म्हणजे ही भेट आठ वर्षांच्या आत, कोणाच्याही चुकीच्या गणिताशिवाय, घडलीच असती. आपल्या स्वयंपाकघरातली मिरची आणि गोव्या-कोकणातला काजू पोर्तुगीजांबरोबर आले, त्यासाठी कोलंबसाचे ऋण मानायची गरज नाही.

गोव्यातल्या आणि कोकणातल्या माणसाला हा विषय समजायला अवघड जाऊ नये. गामाच्या आगमनानंतर बारा वर्षांनी गोवा आफोन्सो दे आल्बुकर्कच्या हाती पडले आणि पुढची साडेचारशे वर्षे तिथे पोर्तुगीज सत्ता राहिली. गामाच्या आगमनाला ५०० वर्षे झाली तेव्हा ती साजरी करण्याच्या कल्पनेला गोव्यात आणि केरळात विरोध झाला, आणि तो मला योग्य वाटतो, कारण आपण ते जहाज किनाऱ्यावरून पाहिलेले आहे. ग्वानाहानीच्या किनाऱ्यावरही माणसे उभी होती. गामाला एक न्याय आणि कोलंबसाला दुसरा, हे आपल्याला शोभत नाही. अमेरिकेत अनेक ठिकाणी त्याच्या दिवसाऐवजी मूळ रहिवाशांचा दिवस पाळला जातो, मेक्सिको सिटीतला त्याचा पुतळा २०२० साली हलवण्यात आला. ते निर्णय तिथल्या लोकांचे आहेत आणि त्यांनाच घेऊ द्यावेत. आपल्या हातात आहे ते आपल्या मुलांना काय शिकवायचे हे.

त्यासाठी फार काही लागत नाही. अल-फरगानीचा आकडा आणि दोन वेगवेगळ्या लांबीचे मैल फळ्यावर लिहिले तर आठवी-नववीतल्या कोणत्याही मुलाला कोलंबसाची चूक स्वतः काढता येईल, आणि तालावेराच्या मंडळाने काय पाहिले असेल तेही कळेल. गणिताच्या आणि इतिहासाच्या शिक्षकांनी मिळून हा एक तास घ्यावा. त्याच तासाला क्यूबाची शपथ वाचून दाखवावी आणि घुंगराच्या करासंबंधी सांगावे. ताइनो ‘नामशेष झाले’ असे लिहिलेले असेल तर तेही दुरुस्त करावे, कारण प्वेर्तो रिकोमधल्या अनेक लोकांच्या मातृवंशात त्यांचा वारसा जनुकीय अभ्यासांत स्पष्ट आढळला आहे आणि स्वतःला ताइनो म्हणवणारी माणसे तिथे आजही आहेत.